शिवथरघळीचा पत्ता

शिवथरघळ महाड तालुक्याच्या पूर्व कडेला, वरंधा घाटाच्या परिसरातल्या दाट रानात आहे. डोंगराच्या पोटात शिरलेली कपार, तिच्या शेजारून कोसळणारा धबधबा आणि धबधब्याखालचा डोह मिळून हे ठिकाण बनते. कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावर सकाळी उतरलेला माणूस महाड, बिरवाडी, ढालकाठी, बारसगाव असा जात दुपारच्या आत डोहाकाठी पोहोचतो, आणि सगळे जुळून आले तर संध्याकाळी पुन्हा वीरच्या फलाटावर असतो. आज ही एका दिवसाची सहल आहे. समर्थ रामदासांनंतरची दोन-अडीचशे वर्षे मात्र ‘समर्थांची शिवथरची घळ’ नेमकी कोणती, हे बाहेरच्या जगात कोणाला खात्रीने सांगता येत नव्हते. तिचा इतिहास बराचसा या पत्त्याचाच इतिहास आहे.

घळ माणसाने कोरलेली नाही, पाण्याने केली आहे. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार झाला. या थरांत काही कठीण, काळ्या पाषाणाचे, तर काही मऊ आणि तांबूस. कड्यावरून ओढा पडू लागला की मऊ थर आधी झिजतो आणि वरचा कठीण थर वळचणीसारखा पुढे आलेला राहतो. पडणारे पाणी आणि त्याबरोबर येणारे दगडगोटे खालचा खडक घुसळून काढतात, तिथे डोह होतो. म्हणजे छप्पर, धबधबा आणि डोह या तिन्ही गोष्टी एकाच झिजेच्या आहेत. कोकणच्या कड्यांवर अशा कपारी पुष्कळ दिसतात. इथली कपार बरीच आत गेलेली आहे आणि आत माणसांना बसता-निजता येईल एवढी ऐसपैस आहे, म्हणून तिचा उपयोग झाला.

पाणी कमी पडण्याचा प्रश्न या खोऱ्यात पावसाळ्यात येत नाही. कोकणातून आलेले ढग घाटमाथ्याला अडतात आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस पाडून जातात. जुलैत घळीच्या तोंडाशी उभे राहिले तर शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते, चष्म्याच्या काचा तुषारांनी आंधळ्या होतात आणि छताच्या भेगांतून ठिबकणाऱ्या पाण्याने आतली जमीन ओलसर असते. मार्च-एप्रिलात तोच प्रपात बारीक धारेवर येतो, डोहाचे पाणी निवळते आणि तळातले दगड दिसू लागतात. भोवतालच्या रानात ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, उंबर, उतारांवर कारवी. कारवीला सात वर्षांनी एकदा फुलोरा येतो. त्या वर्षी डोंगर जांभळा दिसतो आणि एरवी न फिरकणारी माणसेही वाट वाकडी करून येतात.

ही दरी आज आडबाजूला वाटते, पण जुन्या नकाशात ती आडबाजूला नव्हती. महाड हे सावित्रीच्या खाडीवरचे बंदर. भरतीच्या पाण्यावर गलबते बाणकोटहून आत येत, आणि माल उतरला की तो बैलांच्या पाठीवर नाहीतर माणसांच्या डोक्यावर घाटावर चढे. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जात. धान्य, गूळ, तूप खाली येई. त्यासाठी महाडच्या पूर्वेच्या भिंतीत वाटा होत्या : वरंधा, मढे, उपांड्या, गोप्या. यांतला गोप्या घाट थेट शिवथरच्या खोऱ्यातून चढतो. वरंध्याच्या खिंडीवर कावळ्या किल्ला पहाऱ्याला बसवलेला आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तिथून गाडीरस्ता काढला, तेव्हा तो किल्ल्याच्या डोंगरालाच छेदून गेला.

व्यापारी वाटेच्या जवळ, पण वाटेवर नाही, अशी जागा विरक्त माणसे पूर्वीपासून निवडत आली आहेत. महाडच्या वेशीवर गांधारी नदीकाठी गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ती खोदली गेली. तिथल्या एका शिलालेखात विष्णुपालित कानभोज या राजपुत्राचे दान नोंदलेले आहे. भिक्षूंना बंदरावरच्या दात्यांची गरज होती आणि पावसाळ्यात डोक्यावर छप्पर हवे होते. लेण्यांपासून घळीपर्यंत दीड हजार वर्षांचे अंतर आहे आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र निवड करणाऱ्याचा हिशेब फारसा बदललेला दिसत नाही. घळीत छप्पर आयते होते, पाणी दारात होते, आणि अर्ध्या दिवसाच्या चालीवर गावे होती.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांचा होता. ‘चंद्रराव’ हा किताब मिरवणारे मोरे विजापूरच्या आदिलशाहीचे मांडलिक म्हणवत, पण व्यवहारात रानाचे राजे होते. जावळीचे जंगल हेच त्यांचे सैन्य. फौज आत शिरली तर तिला वाट सापडत नसे, सापडली तर परतीची सापडत नसे. शिवथर हे मोऱ्यांच्या घराण्यातल्या एका शाखेचे ठाणे. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६५६ मध्ये जावळी घेतली, त्याच वर्षी रायरीही त्यांच्या हाती आली आणि पुढे तिचा रायगड झाला. रायगड इथून सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटर. प्रतापगड दक्षिणेला साधारण तेवढाच लांब. तो जावळी जिंकल्यानंतर बांधला गेला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला. मराठी राज्याची पहिली मोठी उलथापालथ ज्या पट्ट्यात झाली, त्याच्या मधोमध शिवथरचे खोरे येते.

समर्थ रामदासांचा शिवथरशी संबंध येतो तो या धामधुमीच्या तोंडावर. १६०८ साली गोदावरीच्या खोऱ्यातल्या जांब गावी जन्मलेले रामदास नाशिकची तपश्चर्या आणि भारतभ्रमण आटोपून कृष्णाकाठी आले. १६४८ मध्ये त्यांनी चाफळला राममंदिर उभारले. मंदिर उभे राहिले की उत्सव आला, शिष्य आले, मठांचा कारभार आला. लिहिण्याला निवांतपणा मात्र राहिला नाही. रामदासी परंपरेत समर्थांच्या वास्तव्याच्या कितीतरी घळी सांगतात. चाफळजवळची रामघळ, मोरगिरीकडची मोरघळ, कोयनेकाठची हेळवाकची घळ, सज्जनगडाजवळची रामघळ ही त्यांतली ठळक नावे. या बहुतेक घळी चाफळच्या टापूत किंवा सज्जनगडच्या जवळपास आहेत. शिवथर तेवढी सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणच्या बाजूला. आला-गेला टाळायचा असेल तर घाट मध्ये असणे सोयीचे.

संप्रदायातली समजूत अशी की समर्थ १६५४ मध्ये शिवथरला आले आणि ग्रंथरचनेसाठी दहा वर्षे एकांतात राहण्याचा त्यांनी निश्चय केला. याला आधार म्हणून त्यांचे शिष्य दिवाकर गोसावी यांच्या नावचे एक पत्र दाखवले जाते. रामदासी कागदपत्रांपैकी बरेचसे नंतरच्या नकलांतून आपल्यापर्यंत आलेले असल्याने अशा पत्रावर सगळा भार टाकणे धोक्याचे. पण समजूत खरी धरली तर एक गोष्ट लक्षात येते, तिच्याकडे भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांत सहसा कोणी पाहत नाही : १६५४ मध्ये शिवथरवर शिवाजी महाराजांचा अंमल नव्हता, मोऱ्यांचा होता. घळीतल्या पहिल्या दीड-दोन वर्षांचे वास्तव्य म्हणजे चंद्ररावाच्या हद्दीतले वास्तव्य. पुढे राज्य बदलले, रहिवासी तोच राहिला.

दासबोध या त्यांच्या ग्रंथाच्या रचनेबद्दल याहून भक्कम पुरावा ग्रंथाच्या पोटातच आहे. सहाव्या दशकाच्या चौथ्या समासात कलियुगाची ४७६० वर्षे उलटल्याचा हिशेब येतो. पंचांगाच्या गणिताने ते शके १५८१, म्हणजे इसवी सन १६५९-६०. अफजलखानाचे प्रकरण घडले तेच हे वर्ष. एवढ्या मोठ्या ग्रंथातला एक समास कोणत्या वर्षी लिहिला गेला हे असे नेमके सांगता येणे जुन्या मराठी वाङ्मयात वारंवार घडत नाही. दासबोध आज वीस दशकांचा, दोनशे समासांचा आणि साडेसात हजारांहून अधिक ओव्यांचा आहे. तो एका बैठकीत किंवा एका जागी झालेला नाही. आधीचे दशक आणि नंतरची भर यांत वर्षांचे अंतर आहे, आणि शेवटचा हात फिरला तेव्हा समर्थ सज्जनगडावर होते असे मानतात. शिवथरचा दावा या ग्रंथाच्या आरंभापुरता आणि त्याच्या गाभ्यापुरता आहे. तो दावाही लहान नाही.

लिहून घेणारा होता समर्थांचा शिष्य कल्याण. परंपरेत समर्थ सांगत आणि कल्याण उतरून घेत असे चित्र इतके रुळले आहे की घळीतल्या मूर्तीही तशाच बसवल्या आहेत : एक सांगतो आहे, दुसरा लिहितो आहे. ओलसर हवेत कागद, बोरू आणि शाई सांभाळणे हे काही सोपे काम नव्हे. चातुर्मासात तिथे दोन दिवस राहिलेल्या कोणालाही विचारावे. कदाचित ग्रंथलेखनाचे काम कोरड्या महिन्यांत जास्त होत असेल. हा केवळ तर्क, पण घळीत उभे राहिल्यावर तो मनात आल्याशिवाय राहत नाही.

समर्थांनी या जागेचे वर्णनही केले आहे. डोंगरमाथ्यावरून बळाने येणारा प्रवाह, त्याचा गडगडाट, उसळणारे तुषार, दाटलेले धुके, कपारी आणि झाडी असा सगळा देखावा त्यांच्या एका रचनेत येतो. पाण्याचा आवाज शब्दांत पकडण्याची त्यांची हातोटी त्या ओळींत अशी आहे की शाळेत पाठ केलेल्या माणसालाही त्या जन्मभर विसरता येत नाहीत. तीच रचना पुढे पत्ता म्हणून वापरली गेली. साहित्य म्हणून तिची किंमत कितीही असो, पत्ता म्हणून ती अपुरीच. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या डझनभर धबधब्यांना ते वर्णन चपखल बसेल. नेमकेपणा आला तो शिवथर या नावाने. त्यातही घोटाळा होताच. साताऱ्याजवळ शिवथर नावाचे एक गाव आहे, आणि महाडकडच्या शिवथरचीच कुंभे शिवथर, कसबे शिवथर, आंबे शिवथर अशी वेगवेगळी गावे आहेत.

शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. त्यानंतर संप्रदायाचे केंद्र सज्जनगड आणि चाफळ हेच राहिले. सनदा, इनामे, उत्सव, वारसाहक्काचे तंटे, सगळे तिथे. शिवथरला ना मठाची शेती होती ना देवस्थानचे उत्पन्न, त्यामुळे तिच्यासाठी भांडायला आणि म्हणून कागद करायलाही कोणी नव्हते. मराठी दप्तरांत एखादे ठिकाण टिकून राहते ते बहुधा त्याच्या उत्पन्नामुळे. घळ दिसेनाशी झाली ती एवढ्याच कारणाने. आसपासच्या गुराख्यांना आणि धनगरांना ती कपार माहीत नसेल असे मानायला जागा नाही. उन्हाळ्यात गुरांना पाणी आणि सावली तिथेच मिळत असणार. हरवली होती ती ग्रंथाशी असलेली ओळख.

ती ओळख पुन्हा जोडून दिली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी. देव (१८७१–१९५८) पेशाने वकील. १८९३ मध्ये त्यांनी धुळ्याला सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि उरलेले आयुष्य रामदासी कागद गोळा करण्यात घालवले. गावोगावच्या मठांत जायचे, दप्तरे उघडून मागायची, नकला करायच्या, बाडे विकत वा दान मिळवायची, असा त्यांचा क्रम. मठपती नेहमीच हसतमुखाने दप्तर उघडून देत असतील असे नाही. परांड्याजवळच्या डोमगावच्या मठातली कल्याणाच्या हातची दासबोधाची पोथी त्यांनी मिळवली आणि तिच्यावरून १९०५ मध्ये दासबोध छापला. त्याआधीच्या छापील प्रती कोणत्या पोथीवरून निघाल्या हे वाचकाला कळायची सोय नसे. डोमगावच्या प्रतीमुळे अभ्यासकांना एक पक्का पाठ हाती आला. पुढे १९३५ मध्ये त्यांच्या प्रयत्नांनी धुळ्याला श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. हजारो हस्तलिखिते तिथे आहेत.

ग्रंथाची मूळ पोथी हाती आल्यावर ग्रंथाची मूळ जागा शोधावी हे देवांच्या स्वभावाला धरून झाले. समर्थांची वर्णने, संप्रदायातली पत्रे आणि बखरींतले उल्लेख पुढे ठेवून ते महाडच्या बाजूला रानात फिरले, आणि १९३० मध्ये आजच्या घळीची ओळख त्यांनी पटवली. त्या काळी हा कुलाबा जिल्हा होता. रायगड हे नाव जिल्ह्याला १९८१ मध्ये मिळाले. तेव्हा मुंबईहून महाडला यायचे म्हणजे बोटीने यायचे. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, हरिहरेश्वरला बोट बदलून दासगावच्या धक्क्यावर उतरले आणि तिथून सगळे महाडपर्यंत चालत गेले. दासगाव म्हणजे आजच्या वीर स्थानकाच्या शेजारचेच गाव. त्याच वर्षीच्या २० मार्चला चवदार तळ्यावरचा सत्याग्रह झाला होता. महाड तालुक्यातल्या पाण्याचा इतिहास लिहायचा तर पहिले पान त्या तळ्याचे. घळीचा डोह फार मागून येतो. पण दोन्ही ठिकाणांकडे जाणारा रस्ता त्या काळी एकाच खाडीतून येत होता. घाटावरून येणाऱ्यांना वरंध्याचा रस्ता होता. महाडहून पुढे मात्र शिवथरपर्यंत ओढे ओलांडत, पायवाटेने, वाटाड्या घेऊनच जावे लागे.

देवांच्या शोधाला वाद चिकटला नसता तरच नवल. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत शिवाजी महाराज आणि समर्थ यांची पहिली भेट कधी झाली यावर महाराष्ट्रातले इतिहासकार हिरिरीने भांडत होते. राजवाडे, देव हे १६४९ च्या बाजूचे, तर चांदोरकर, गोविंद चिमणाजी भाटे हे १६७२ च्या. या भांडणात शिवथरचे वास्तव्य हे एक मोहरे होते. समर्थ १६५० च्या दशकात रायरी-जावळीच्या टापूत मुक्काम करून होते हे ठरले की भेट लवकर झाली असे म्हणणाऱ्यांना बळ मिळे. तसे पाहिले तर एका खोऱ्यात राहणे म्हणजे भेट होणे नव्हे, आणि हा साधा फरक त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळदा पुसट झाला. दुसरा वाद जागेचाच. वरंध्याच्या परिसरात रामदास पठार नावाची वस्ती आहे. समर्थांचा सुंदरमठ नावाचा मठ तिथला, असे मानणारे अभ्यासक आणि भाविक आहेत. मठ पठारावर आणि एकांताची जागा घळीत, अशी तडजोडही काही जण सुचवतात. घळीत एकही शिलालेख नाही, त्यामुळे दगडाकडून निकाल मिळण्याची आशा नाही. लोकांनी मात्र आपला कौल देवांच्या बाजूने दिला.

कौल दिला तो पायांनी. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, सज्जनगडावर श्रीसमर्थ सेवा मंडळ स्थापन झाले आणि समर्थांच्या ठिकाणांची देखभाल हा त्याच्या कामाचा भाग झाला. शिवथरला रान साफ झाले, घळीत मूर्ती आल्या, चढणीला पायऱ्या बांधल्या, कठडे बसले, खाली उतरण्याजेवण्याची सोय झाली. माघ शुद्ध नवमीला इथे दासबोध जयंती होते आणि वद्य नवमीला दासनवमी. सुट्टीच्या दिवसांत दासबोधाच्या अभ्यासाची शिबिरे भरतात. पुण्या-मुंबईकडच्या कित्येक मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांनी पहिले रान, पहिला धबधबा आणि पहिली पंगत इथेच पाहिली. जिथे एकट्याने राहण्यासाठी कोणी आले होते तिथे आता रविवारी रांग लागते. यात विसंगती आहे, पण तीर्थक्षेत्रांच्या बाबतीत ती जुनीच आहे.

खोऱ्याचा दुसरा इतिहास घळीच्या पायऱ्यांवरून दिसत नाही. तो उतारांवरच्या शेतांचा आहे. पाणथळ खाचरांत भात, चढावर नाचणी आणि वरी. पेरणीआधी पालापाचोळा आणि कवळं जाळून राब भाजायचा, माळावर गुरे. धनगरवाडे उंचावर, कातकऱ्यांच्या वाड्या रानाच्या कडेला. जंगलातून कोळसा पाडणे हे रायगडच्या डोंगरात कातकऱ्यांच्या पोटापाण्याचे मोठे साधन होते आणि त्यात झाडीही गेली. चार महिने बदाबदा पाऊस, पण शेती एकाच पिकाची. म्हणून गिरण्यांच्या काळापासून घरटी एक माणूस मुंबईला, ही महाड-पोलादपूरची रीत. शिवथरच्या गावांत आजही गणपतीला आणि शिमग्याला जी गर्दी दिसते ती चाकरमान्यांची. घळीला येणारे प्रवासी आणि ते एकाच रस्त्यावरून जातात, क्वचितच एकमेकांशी बोलतात.

याच तालुक्यात पाणी आणि श्रद्धा यांचे आणखी एक नाते पाहायला मिळते, तेही सांगायला हवे. काळ नदीवर वाळण कोंड नावाचा खोल डोह आहे. तो वरदायिनी देवीचा, म्हणून त्यातले मासे गावकरी धरत नाहीत, दुसऱ्याला धरू देत नाहीत. म्हशीर जातीचे मोठे मासे तिथे टिकून आहेत ते या धाकामुळे. वाळणचा डोह माशांमुळे राखला गेला, शिवथरचा ग्रंथामुळे. वाळणला पोथी नाही आणि संस्थाही नाही, तरी राखणीचा नियम बहुधा जास्त जुना आहे आणि पाळलाही जास्त कडक जातो.

वीर स्थानक या सगळ्यात उशिरा आले. कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला तुकडा रोहा ते वीर असा १९९३ मध्ये सुरू झाला. पुढे खेडपर्यंतचा मार्ग १९९५ मध्ये झाला, आणि २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्ग खुला झाला. म्हणजे सुमारे दोन वर्षे वीर हे कोकण रेल्वेच्या या बाजूचे शेवटचे स्थानक होते. गाडी तिथे थांबे आणि परत फिरे. महाड शहराला मुख्य मार्गावर स्थानक नाही, त्यामुळे रायगड आणि शिवथरचे प्रवासी वीरलाच उतरतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रोहा ते वीर हा टप्पा दुहेरीही झाला. स्थानकातून मुंबई–गोवा महामार्ग गाठायचा, दासगाव मागे टाकत महाड, तिथून भोरच्या रस्त्याला लागून बिरवाडीची औद्योगिक वसाहत, ढालकाठी आणि मग बारसगावजवळून कुंभे शिवथरकडे. महाडपासून घळ तीसेक किलोमीटर. बस सगळीकडे वेळेवर मिळेल याची खात्री नाही. ज्यांना चालायचे आहे ते फाट्यावर उतरून शेतांच्या कडेने जातात. वाहनवाले थेट पायऱ्यांशी उतरतात, आणि मग सहल पायऱ्यांपुरतीच उरते.

पुण्याकडून येणारे भोरवरून नीरा देवघरच्या जलाशयाकडेने वरंध्याच्या माथ्यावर येतात. तिथे वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबवून गरम भजी खाणे हा जवळजवळ विधीच झाला आहे. खालच्या दरीत पावसाळ्यात एकाच वेळी कितीतरी धबधबे दिसतात, आणि शंकर देवांच्या हातात नुसते धबधब्याचे वर्णन असते तर काय झाले असते हे तिथे उभे राहून कळते.

पावसाळ्यात मात्र या रस्त्यांवर भरवसा ठेवता येत नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड-पोलादपूर भागात दरडी कोसळल्या. जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांत शंभरावर माणसे गाडली गेली. यांतले दासगाव म्हणजे बाबासाहेब उतरले तेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी वरंध्याच्या खालच्या बाजूला तळीये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक जीव गेले. घळ झिजेतून झाली आणि तळीये दरडीखाली गेले, पण दोन्हींमागे पाणी आणि उतार हेच आहेत. फरक वेगाचा.

त्या आपत्तींनंतर वरंधा घाट पावसाळ्यात जड वाहनांना, आणि धोक्याचा इशारा आला की सगळ्याच वाहनांना, बंद ठेवण्याचे आदेश निघू लागले. घळीच्या डोहातही भर पावसात उतरणे जिवावर बेतते. पाण्याला ओढ जबर असते आणि काठचा शेवाळलेला दगड पाय ठरू देत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हे दिवस जायला चांगले. पाऊस उघडलेला असतो, धार अजून भरलेली असते, भातकापणी चालू असल्याने शिवारात माणसे भेटतात आणि घाट खुला असतो. दासनवमीच्या सुमाराला गेले तर पाणी बरेच उतरलेले असते, पण घळीत दासबोधाचे पारायण चालू असते.